भीमेपासून नर्मदेपर्यंत : हरणीनं दिलेले नऊ धडे

सातवीच्या वर्गात मी पालखेडची मोहीम शिकवत होते. फळ्यावर नकाशा काढला होता आणि बाजीरावाच्या फौजेचे बाण इकडून तिकडे धावत होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. "बाई, घोडं दिवसाला किती चालायचं? आनि खायचं काय?" तिच्या घरी मेंढरं होती, बिऱ्हाड वाहायला तट्टं होती. ती पाठ्यपुस्तकातलं विचारत नव्हती, घरातलं विचारत होती. बावीस वर्षं इतिहास शिकवूनही मला उत्तर देता आलं नाही.

तो प्रश्न मनात राहिला. नोकरीतून मोकळी झाल्यावर मी त्या मुलीच्या आजोबांना, तात्यांना, जाऊन भेटले. बारामती भागातला त्यांचा धनगरवाडा. त्यांच्याकडूनच मी हरणी नावाची सात वर्षांची भीमथडी घोडी विकत घेतली आणि दीड वर्ष तिच्यावर बसायला शिकले. मग ठरवलं, पुणे ते रावेरखेडी घोड्यावरून जायचं. थोरले बाजीराव २८ एप्रिल १७४० रोजी ज्या नर्मदाकाठी गेले, तिथपर्यंत.

ही दख्खनची उत्तरेला जायची जुनी वाट. नगर, गोदावरीचा उतार, छत्रपती संभाजीनगर, अजिंठ्याचा घाट, खानदेश, बुऱ्हाणपूर, असीरगड आणि नर्मदा. आदल्या दिवशी एकटीच शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजापाशी जाऊन नमस्कार केला. शहराच्या गर्दीत घोडी नेण्यात अर्थ नव्हता. २०२३ च्या भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी, १७ नोव्हेंबरच्या पहाटे, कोरेगावजवळ भीमेच्या काठावरून निघालो. भीमथडी म्हणजे भीमेचा काठ. तिथलं जनावर तिथूनच निघावं असं वाटलं. तात्यांनी दोन्ही घोड्यांच्या कपाळाला खंडोबाचा भंडारा लावला. हरणीवर मी, भोरी नावाच्या दुसऱ्या घोडीवर सामान, आणि तिचा कासरा धरून तात्या पायी. सहाशे किलोमीटर, एकतीस दिवस. त्या दिवसांत जे कळलं ते पुढं मांडते आहे.

१. आधी घोड्याचं वजन, मग आपलं

घोड्यानं स्वार आणि खोगीर मिळून स्वतःच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझं वाहू नये, असा जाणकारांचा दंडक आहे. हरणी वजनकाट्यावर ३०० किलो भरली. म्हणजे मर्यादा ६० किलो. माझं वजन ५१, खोगीर, नमदा आणि रिकिबी मिळून ९. काटा बरोबर साठावर आला. पाण्याची बाटलीसुद्धा भोरीच्या पाठीवर गेली. मी निघण्याआधी चार किलो वजन उतरवलं, ते माझ्यासाठी नव्हतं.

भीमथडी घोडा अंगानं लहान, खांद्याशी जेमतेम माझ्या छातीइतका. पण खूर कठीण, खाणं थोडं आणि दगडाधोंड्यांतून पाय बरोबर टाकणारा. राजा बढे यांच्या महाराष्ट्रगीतात या तट्टांना यमुनेचा मान मिळाला आहे. आज मात्र ती प्रामुख्यानं धनगरांच्या वाड्यांवरच उरली आहेत.

कागदपत्रांचा हिशेबही याच सदरातला. दुसऱ्या राज्यात घोडा न्यायचा तर आरोग्याचा दाखला लागतो. ग्लँडर्स हा घोड्यांचा जीवघेणा रोग माणसालाही होऊ शकतो, म्हणून त्याची रक्ततपासणी करून घेतली. धनुर्वाताची लस टोचली. तीन महिने रोज थोडं थोडं अंतर वाढवत नेलं. स्नायू लवकर तयार होतात. कंडरा आणि हाडं मुरायला महिने लागतात.

२. दिवसाचा पल्ला घोडा ठरवतो

सिनेमातला घोडा कायम चौखूर उधळलेला असतो. लांबच्या वाटेवरचा घोडा चालतो. आम्ही ताशी पाच किलोमीटरनं चाललो, दिवसाला वीस ते सत्तावीस किलोमीटर. पहाटे साडेपाचला निघायचं आणि ऊन चढायच्या आत पल्ला संपवायचा. तासाला दहा मिनिटं मी उतरून पायी चालायची. त्यानं हरणीची पाठ मोकळी व्हायची आणि माझे गुडघेही.

मुक्कामी पोचलं की अर्ध्या तासानं तिच्या जबड्याखालच्या धमनीवर दोन बोटं ठेवून ठोके मोजायचे. स्वस्थ उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. अर्ध्या तासाच्या विसाव्यानंतरही ते साठाच्या वर राहिले, तर आजचा पल्ला जास्त झाला असं मी समजायची आणि उद्याचा कमी करायची.

मग बाजीराव इतके वेगानं कसे जात? याचं उत्तर मला चालता चालता सापडलं. त्यांच्या फौजेत अवजड तोफा नव्हत्या, जनानखाना आणि बाजारबुणगे मागे ठेवलेले, बदलीला जास्तीचे घोडे बरोबर. १७३७ च्या मार्चअखेरीला ते दिल्लीच्या वेशीवर अचानक उभे राहिले, त्या धावेमागं काय घ्यायचं यापेक्षा काय मागं ठेवायचं याचा विचार मोठा होता. एका घोड्याला सलग तसं धाववलं असतं तर तो चार दिवसांत बसला असता. त्या मुलीला आज मी सांगेन, "रोजचा पल्ला सहा-आठ कोस. त्याहून जास्त जायचं तर दुसरा घोडा हवा."

३. पाठ रोज हातानं वाचावी

चौथ्या दिवशी, शिरूरच्या पुढं, खोगीर उतरवल्यावर हरणीची पाठ घामानं ओली होती, पण डाव्या बाजूला तळहाताएवढा डाग कोरडा. मला ते बरं लक्षण वाटलं. तात्यांनी मान हलवली. "जितं वलं नाय तितं दाब हाय, बाई. घाम दाबून धरलाय तितं." मी हात फिरवला तशी तिनं कातडी थरथरवली. आणखी एक दिवस बसले असते तर तिथं जखम झाली असती, आणि खोगिराखालची जखम भरायला आठवडे जातात.

दोन दिवस थांबलो. चूक माझीच होती. डावी रिकीब एक भोक लांब राहिली होती आणि मी नकळत त्या बाजूला कलून बसत होते. तात्यांनी नमद्याच्या खाली घोंगडीची घडी अशी बसवली की डागाच्या जागी पोकळी राहील. रिकिबी मोजून सारख्या केल्या.

तेव्हापासून खरारा हे माझं रोजचं पारायण झालं. आधी डोळ्यांनी पाहायचं, मग उघड्या तळव्यानं मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत हात फिरवायचा. ऊब कुठं जास्त, सूज कुठं, केस कुठं उलटे, तंगाच्या पट्ट्याखाली कातडी सोललीय का, हे बोटांना कळतं. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, घोड्याला तासभर चोळत बसे तो केवळ चकाकीसाठी नव्हे. तो रोज घोड्याची पाठ वाचत असे.

४. जुनी वाट नकाशावर नसते, म्हाताऱ्यांकडं असते

पुणे-नगर रस्त्यावर नोव्हेंबरात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली असते. दोन ट्रॉल्या, बाहेर आलेली मोळी, मोठ्यानं लावलेली गाणी. घोडी एकदा बिचकली आणि मी जवळपास चाकाखाली जायची वाचले. त्या दिवशी ठरवलं, डांबरी रस्ता शक्य तितका टाळायचा.

मोबाइलवरचा नकाशा मोटारीचा रस्ता दाखवतो. घोड्याचा रस्ता विचारावा लागतो, आणि तो बरोबर शब्दांत विचारावा लागतो. 'शॉर्टकट' विचारला तर तरुण मुलं हायवेच दाखवतात. 'पाणंद कुठं निघते?', 'गाडीवाट कुठं मिळते?', 'मेंढरं कुठनं जातात?' असं विचारलं की पारावरचा म्हातारा काठी टेकत उठतो आणि वेशीपर्यंत घालवायला येतो. नगरच्या पुढं दोन दिवस आम्ही अशाच पाणंदींनी गेलो. दोन्ही बाजूंना निवडुंग, बोरी आणि मधून पायाखाली मऊ माती. पुष्कळ पाणंदी शेतात गेल्या आहेत. काही ठिकाणी मधोमध विहीर खणली आहे. तिथं मालकाला हाक मारायची, विचारायचं आणि बांधानं जायचं. पीक तुडवलं तर मागून येणाऱ्या प्रत्येक धनगराला ती वाट बंद होते. "आपन जातू, वाट ऱ्हाती," असं तात्या म्हणायचे.

५. आभाळ बोललं की ऐकावं

२६ नोव्हेंबरला प्रवरासंगमाला पोचलो. प्रवरा जिथं गोदावरीला मिळते तिथं पलीकडं टोकं गाव, देवळं, घाट. गोदावरी ओलांडून पलीकडच्या गावात ओळखीच्यांकडं मुक्काम ठरला होता. दुपारची वेळ होती आणि जायला दोन तास पुरले असते. पश्चिमेला आभाळ काळवंडलं होतं. हरणी कान मागं टाकून वाऱ्याकडं पाठ करून उभी राहिली. पुढं पाऊल टाकेना.

मला मुक्कामाची, वाट पाहणाऱ्या माणसांची, लाजेची काळजी होती. तात्या एवढंच म्हणाले, "जनावर नाय म्हनतंय." नदीकाठच्या एका वस्तीवर पत्र्याच्या शेडमध्ये जागा मागितली. रात्री अवकाळी पाऊस कोसळला, काही गावांत गारा पडल्या. त्या रात्री मराठवाडा, नगर आणि नाशिक भागात द्राक्षांचं, कांद्याचं, कापसाचं मोठं नुकसान झालं. उघड्या पुलावर आम्ही सापडलो असतो तर काय झालं असतं, हा विचार आजही अंगावर येतो.

सकाळी ज्यांनी शेड दिलं त्यांच्या कांद्याचं रोप चिखलात झोपलं होतं. त्यांनी तरी आधी घोड्यांसाठी कडबा काढला. त्या माउलीला मी पैसे देऊ केले तर म्हणाल्या, "मुक्या जीवाचं कसलं पैसं?" आम्ही दिवसभर थांबलो. तात्यांनी त्यांच्याबरोबर रोप उभं करायला हात लावला, मीही वाकले. वाटेवर मिळालेलं देणं तिथल्या तिथं श्रमानं फेडावं, हे मी तेव्हा शिकले.

६. पाणी दिसेल तिथं पाजावं

घोडा दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. तहान लागल्यावर पाजू, असं म्हणून चालत नाही. पाणी कमी पडलं की आतड्यातला चारा सुकतो आणि पोटशूळ उठतो. म्हणून दर दीड-दोन तासांनी मिळेल ते स्वच्छ पाणी दाखवायचं. प्यायला नाही तरी चालेल, पण विचारायचं. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडायची. ती लगेच सपाट झाली तर ठीक, घडी तशीच राहिली तर शरीरात पाणी कमी आहे.

संभाजीनगरच्या वाटेवर पश्चिमेला वैजापूर राहतं. पालखेड त्याच मुलखातलं. १७२८ च्या फेब्रुवारीत बाजीरावांनी निजामाला तिथं गाठलं. वेगानं जाण्यासाठी निजामानं तोफखाना मागं ठेवला होता आणि मराठ्यांनी त्याचं दाणापाणी तोडलं. मार्चच्या सुरुवातीला त्यानं मुंगी-शेवगावला तह केला. मी हे वर्षानुवर्षं डावपेच म्हणून शिकवलं. हरणीची रिकामी बादली हातात घेऊन एका बंद हातपंपासमोर उभी राहिले, तेव्हा मला ते पहिल्यांदा कळलं. मोठी लढाई न होता एवढी फौज का नमली, ते तहानलेल्या घोड्याच्या डोळ्यांत दिसतं.

जुन्या वाटेवर बारवा, आड आणि हाळ का आहेत तेही तेव्हाच समजलं. हाळ म्हणजे विहिरीकाठचा गुरांना पाणी पाजायचा दगडी हौद. आज बरेच हाळ कोरडे आहेत, काहींत प्लास्टिक साचलंय. दोन ठिकाणी आम्ही ते साफ करून भरले. पुढं बुऱ्हाणपूरला कुंडी भंडारा पाहिला. अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, १६१५ च्या सुमारास, सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, शंभरावर विहिरींच्या माळेतून, उतारानं शहरापर्यंत आणलेलं. त्या पाण्याचा गारवा चेहऱ्यावर घेताना वाटलं, साम्राज्यं किल्ल्यांइतकीच पाण्यावर उभी असतात.

७. प्रेमानं दिलेलं खाणंसुद्धा मोजून घ्यावं

२ डिसेंबर, सिल्लोडजवळचा मुक्काम. गावातल्या लोकांनी असं स्वागत केलं की डोळे भरून आले. बायकांनी हरणीला ओवाळलं. मी तोंड धुवायला गेले असताना कुणीतरी मायेनं तिच्यासमोर गूळ घातलेला भरड्याचा मोठा टोप ठेवला आणि तिनं तो चाटून पुसून खाल्ला.

रात्री अकराला ती स्वतःच्या कुशीकडं वळून पाहायला लागली. पुढच्या खुरानं माती उकरायची, बसायची, उठायची. घोड्याला ओकता येत नाही. त्याचं जठर शरीराच्या मानानं लहान असतं आणि एकदम पडलेलं धान्य आत फसफसून जीव घेऊ शकतं. तात्यांनी दावं सोडून तिला हळूहळू फिरवत ठेवलं, लोळू दिलं नाही. चाऱ्याची काडीही दिली नाही. मी तिच्या पोटाला कान लावून आतला आवाज ऐकत राहिले. डाव्या बाजूला काहीच ऐकू येत नव्हतं. पशुवैद्य मध्यरात्री मोटरसायकलवरून आले. वेदनाशामक सुई दिली, नाकातून नळी घालून तेल सोडलं. पहाटे चारला तिनं लीद टाकली. मी आयुष्यात इतक्या आनंदानं कशाकडं पाहिलेलं नाही.

तेव्हापासून नियम केला. चंदी म्हणजे दाणा. भिजवलेला हरभरा आणि थोडा बाजरीचा भरडा, तोबऱ्यातून, दिवसात तीन वेळा थोडा थोडा. दिवसाचा मुख्य आहार कडबा आणि गवत. नवा चारा आला तर जुन्यात मिसळून चार-पाच दिवसांत बदलायचा. आणि गावात पोचलं की ओवाळून घेण्याआधी हात जोडून सांगायचं, "तिला काही खायला देऊ नका, ती आजारी पडेल." लोक रागावत नाहीत. त्यांना नीट सांगितलेलं आवडतं.

त्या रात्री मला शिवछत्रपतींचं १६७३-७४ च्या सुमाराचं पत्र आठवत होतं. चिपळूणच्या बाजूला छावणीत असलेल्या घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेलं. आजच सगळा दाणा-वैरण मनमानी खर्च कराल तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्याचा आशय. दिव्याची वात उंदरानं नेली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत त्यात बारकावा आहे. राज्याभिषेकाच्या सुमारास राजा गवताच्या काडीचा हिशेब सांगतो आहे. हे पत्र मी परीक्षेत 'रयतेची काळजी' या प्रश्नाखाली लिहून घेत असे. त्यातली घोड्याची काळजी मला सिल्लोडला दिसली.

८. घाट उतरताना खाली उतरावं

अजिंठ्याचा घाट ५ डिसेंबरला उतरलो. याच वाटेनं मोगलांच्या, निजामाच्या, मराठ्यांच्या फौजा खानदेशात उतरत. पायथ्याच्या फर्दापूरला जुनी सराई आहे, वर अजिंठा गावालाही आहे. सराया कुठं बांधल्या यावरून घाटाचा खरा त्रास कळतो. चढायच्या आधी विसावा, उतरल्यावर विसावा.

उतारावर घोड्याचं वजन पुढच्या पायांवर येतं. वर माणूस बसला की सांधे आणि कंडरा दुप्पट शिणतात. खोगीर मानेकडं सरकतं, म्हणून शेपटीखालून जाणारी दुमची नीट बांधायची. मी सगळा घाट पायी उतरले. तिसऱ्या वळणावर हरणीच्या पावलाचा आवाज बदलला. तीन 'टक' आणि एक 'चळ'. मागचा उजवा नाल सैल झाला होता. त्या दिवसापर्यंत मला चारही पावलं सारखीच ऐकू यायची. अठरा दिवसांच्या सोबतीनं कान तयार झाला होता.

नालबंद मिळणं हे आजच्या वाटेवरचं सर्वांत अवघड काम. लग्नाच्या घोड्या आणि टांगे जिथं उरलेत तिथंच तो सापडतो. आम्ही दोन जादा नाल, खिळे, हातोडी आणि कानस बरोबर घेतली होती. तात्यांनी दोन खिळे काढून नवे मारले; खिळा खुराच्या बाहेरच्या निर्जीव भिंतीतूनच गेला पाहिजे, आत गेला तर घोडा लंगडतो. तेवढ्यावर जामनेरपर्यंत निभावलं. रोज सकाळ-संध्याकाळ चारही खूर उचलून तळातली माती आणि खडे उकरून काढणं ही पाच मिनिटांची गोष्ट आहे. मी एकदाही ती टाळली नाही.

९. स्वाराच्या मागं कोण चालतं ते विसरू नये

खानदेशात आम्ही कापूस वेचणाऱ्या बायांच्या रांगांमधून, केळीच्या बागांच्या कडेनं गेलो. तापी ओलांडून १० डिसेंबरला बुऱ्हाणपुरात शिरलो. मोगलांचं दख्खनचं हे मोठं ठाणं. मुमताजमहल १६३१ मध्ये इथंच वारली. तिथं लोक मला थांबवून फोटो काढायचे. "घोड्यावरून एवढ्या लांबून आलात?" असं मला विचारायचे. तात्यांना कुणी काही विचारलं नाही. मी घोड्यावर होते, तात्या पायी. तेवढंच अंतर, तेवढंच ऊन, हातात भोरीचा कासरा, वय पासष्टच्या पुढं.

असीरगडाच्या पायथ्याशी मी त्यांना म्हटलं, "तात्या, उद्यापासून तुम्ही हरणीवर बसा." ते हसले. "माझं वजन तिला जड हुईल. तुमीच मोजलं की."

गड समोर होता. १६०१ मध्ये अकबरानं घेतलेला, दख्खनचा दरवाजा म्हणवला जाणारा. मी त्याच्याकडं बघत विचार करत राहिले. एका फौजेत किती मोतद्दार, किती नालबंद, किती गवत कापणारे, किती चंदी दळणाऱ्या बाया असतील? शिलेदार स्वतःचा घोडा आणायचा. घोडा मेला तर त्याची रोजी गेली. बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा. पण दोघांच्याही घोड्याला रोज कुणीतरी पाणी पाजलं होतं, खूर तपासले होते. बखरींत त्यांची नावं शोधायला गेलं तर सापडत नाहीत. मी शिकवलेल्या बावीस वर्षांच्या धड्यांत ती माणसं एकदाही आली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून मी रोज निम्मं अंतर तात्यांच्या बरोबरीनं पायी चालले. हरणीचा कासरा माझ्या हातात, भोरीचा त्यांच्या.

रावेरखेडी

खंडवा, सनावद करत १७ डिसेंबरच्या दुपारी रावेरखेडीला पोचलो. नर्मदेचं रुंद, शांत पात्र, काठावर भिंतींनी वेढलेलं आवार आणि आत बाजीरावांच्या समाधीचा दगडी चौथरा. अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, ज्वरानं, छावणीत गेलेला माणूस. महिनाभर मी या क्षणाची वाट पाहिली होती. आधी समाधीकडं जावं असं मनात होतं.

पण हरणीनं नदी पाहिली आणि कान पुढं केले. आम्ही घाटाच्या बाजूला उतरलो, तंग सैल केला, लगाम काढला. ती गुडघाभर पाण्यात उभी राहून बराच वेळ प्यायली. प्रत्येक घोटासरशी कान लयीत हलत होते. शेजारी भोरी. तात्यांनी ओंजळीनं दोघींच्या पाठीवर पाणी सोडलं, मीही सोडलं. पाठ स्वच्छ होती, एकही वण नव्हता. मग आम्ही हात-पाय धुतले आणि समाधीवर फूल ठेवलं.

दुसऱ्या दिवशी चंपाषष्ठी होती. तात्यांनी नदीकाठी तीन दगडांची चूल मांडली, वांगं भाजून भरीत केलं, जाड रोडगा थापला. खंडोबाला नैवेद्य दाखवला आणि त्यातला चिमूटभर भंडारा पुन्हा दोन्ही घोड्यांच्या कपाळाला लावला. "देव बी घोड्यावरच बसतू, बाई," ते म्हणाले, "पर निवद दावायच्या आदी घोड्याला वैरन टाकाया पायजे." मी वळून पाहिलं. दोघींसमोर कडब्याच्या पेंढ्या सोडलेल्या होत्या. त्यांनी त्या चूल पेटवायच्या आधीच टाकल्या होत्या.

परतीला घोड्या टेम्पोतून आणल्या. पुढच्या जून महिन्यात त्या मुलीला भेटले. ती तेव्हा बारावीत होती. तिला मी दोन्ही प्रश्नांची उत्तरं दिली, वहीत लिहून. किती चालायचे, काय खायचे, आणि कोण खायला घालायचं. तिसरा प्रश्न तिनं विचारला नव्हता. तिचे आजोबा सोबत नसते तर मलाही तो सुचला नसता.